‘निधी उपलब्धतेनुसार’ या उत्तरावर कोर्टात काय मांडायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या आपल्या पानांवर येऊ लागतात. गळके पत्रे, तडे गेलेल्या भिंती, समाजमंदिरात नाहीतर मारुतीच्या पारावर भरणारे वर्ग. बातमी आली की निवेदने निघतात, आणि अलीकडे गावोगाव एक वाक्य ऐकू येते, ‘आता कोर्टातच जाऊ.’ जावे, असेच आमचेही मत आहे. मात्र शाळेच्या निधीसाठी केलेल्या याचिका कायद्यापायी क्वचितच पडतात. त्या पडतात कागदापायी. मागणी मोजलेली नसते, नकार लेखी नसतो आणि आदेश हाती येतो तेव्हा आर्थिक वर्ष सरलेले असते. हे टाळता येते, आणि ‘निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करू’ या शासनाच्या नेहमीच्या उत्तरालाही तोंड देता येते. म्हणून पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना उपयोगी पडेल अशा तपशिलात लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण कृपया काटछाट न करता छापावे.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ आला आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचे मोफत व सक्तीचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यासाठीचा २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. चर्चा होते ती यातल्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव प्रवेशांची. पैशाचे कलम आहे ते सातवे. केंद्र आणि राज्य दोघांची जबाबदारी सांगून झाल्यावर त्याचे पाचवे उपकलम असे म्हणते की, केंद्राकडून मिळणारी रक्कम आणि स्वतःची इतर साधने लक्षात घेऊन निधी पुरवण्याची जबाबदारी राज्य शासनाची राहील. म्हणजे केंद्राचा हप्ता रखडला ही अडचण राज्याने केंद्राशी बोलून सोडवायची; ते कारण पालकाला सांगता येत नाही. दुसरे महत्त्वाचे कलम २२ वे. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि तोच आराखडा शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार असेल, असे हे कलम स्पष्ट सांगते. गावातल्या पालकांच्या समितीने लिहिलेल्या कागदाला एवढे वजन देणारी कलमे आपल्या कायद्यांत फार नाहीत. तरीही बहुतेक शाळांत हा आराखडा मागच्या वर्षीचा उतरवून काढलेला असतो. कपाटातून बाहेर निघतो तो फक्त तपासणीच्या दिवशी.

आता शासनाच्या बाजूने काय येते ते पाहू. याचिका दाखल झाली, नोटीस निघाली की काही महिन्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांचे किंवा उपसंचालकांचे शपथपत्र येते. सुरुवातीच्या परिच्छेदांत योजनांची नावे आणि शासन निर्णयांचे दिनांक असतात. जिल्ह्यासाठी एकूण किती रक्कम मंजूर झाली तोही आकडा असतो. याचिकेतल्या शाळेचे नाव शेवटाकडे येते आणि तिथे नेहमीचे वाक्य असते: ‘सदर शाळेच्या वर्गखोल्यांचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर केला असून, निधी उपलब्धतेनुसार टप्प्याटप्प्याने कार्यवाही करण्यात येईल.’ हे वाक्य आले की अनेक जण खचतात. खरे तर याचिकाकर्त्याच्या हिताचे एवढे दुसरे वाक्य त्या शपथपत्रात नसते. खोल्या कमी आहेत आणि प्रस्ताव प्रलंबित आहे, या दोन्ही गोष्टी शासनाने शपथेवर कबूल केलेल्या असतात. वाद उरतो तो ‘निधी उपलब्धतेनुसार’ आणि ‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दांपुरता.

‘टप्प्याटप्प्याने’चे उत्तर कायद्यातच आहे. टप्पा किती वर्षांचा, हे संसदेने आधीच ठरवून दिले. शेजारशाळा, म्हणजे मुलाच्या घराजवळची शाळा, उभारायला कलम ६ ने ३ वर्षे दिली, आणि अनुसूचीतले निकष पुरे करायला कलम १९ ने जुन्या शाळांना तेवढीच मुदत दिली. ती ३१ मार्च २०१३ रोजी संपली. त्यानंतर नवा टप्पा पाडण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला उरत नाही.

‘निधी उपलब्धतेनुसार’चे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत मिळते. १९८० च्या रतलाम नगरपालिका प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितले की, कायद्याने घातलेले कर्तव्य पैसे नाहीत म्हणून टाळता येत नाही. आपल्या भागाला जवळचा निकाल स्वराज अभियान प्रकरणातला, मे २०१६ चा. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो हा उन्हाळा. दुष्काळी भागातल्या शाळांत उन्हाळी सुटीतही माध्यान्ह भोजन द्या, असा आदेश त्या वेळी झाला आणि पैशाच्या टंचाईची सबब न्यायालयाने मानली नाही. ऑक्टोबर २०१२ च्या निकालात सर्व शाळांत पिण्याचे पाणी आणि मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे ६ महिन्यांत द्यावीत, असा आदेश सर्व राज्यांना झालेला आहे. कुंभकोणमच्या शाळेतल्या आगीनंतरच्या अविनाश मेहरोत्रा प्रकरणात २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला गेला. पडायला आलेल्या खोलीसाठी हा निकाल सर्वांत जवळचा. चार निकाल पुरेत. चाळीस निकालांची जंत्री जोडलेली याचिका आम्हाला कमजोर वाटते, कारण तिच्यात शाळा सापडत नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. अर्थसंकल्प विधिमंडळाचा असतो. ‘शिक्षणावर अमुक टक्के खर्च करा’ असा आदेश उच्च न्यायालय देणार नाही, आणि तशी मागणी केल्याने खरी मागणी पातळ होते. खासगी शाळांच्या अनुदानाचा प्रश्नही वेगळा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अनुदान मिळवणे हा संस्थेचा मूलभूत हक्क नाही. तो धोरणाचा विषय आहे. आपल्याकडे ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये निघाला, पण अनुदानाच्या २०, ४०, ६० टक्क्यांच्या टप्प्यांवर अडकलेल्या शाळांना हा निकाल आडवा येतो. अशा शाळांनी ‘अनुदान हा आमचा हक्क’ या वाटेने न जाता समान वागणुकीच्या वाटेने जावे. शासनाच्याच निर्णयातल्या अटी पूर्ण केल्या, मूल्यांकन झाले, पात्र यादीत नाव आले, त्याच यादीतल्या दुसऱ्या शाळेला टप्पा मिळाला आणि आम्हाला नाही, असे कागदाने दाखवावे. महाराष्ट्र शासन विरुद्ध मनुभाई वाशी या १९९५ च्या प्रकरणात असाच मुद्दा टिकला होता. इतर विद्याशाखांच्या खासगी महाविद्यालयांना अनुदान मिळते आणि विधी महाविद्यालयांना नाही, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांची बाजू मात्र याहून कितीतरी भक्कम आहे, कारण तिथे देणे कायद्याचेच आहे.

आता मोजणी. सगळी ताकद इथे लावावी.

समजा पहिली ते पाचवीची शाळा आहे आणि पट ९४. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० पर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४ आणि २०० पर्यंत ५. म्हणजे या शाळेला ४ शिक्षक हवेत. प्रत्येक शिक्षकामागे किमान १ वर्गखोली, म्हणून ४ खोल्या, शिवाय कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापकांसाठी मिळून १ खोली. गावात उभ्या आहेत ३ खोल्या आणि त्यातली १ धोकादायक. प्रत्यक्ष तूट झाली २ वर्गखोल्यांची. यू-डायसच्या (शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीच्या) माहितीत मात्र तूट १ च दिसते, कारण धोकादायक खोलीचे निर्लेखन, म्हणजे ती निकामी ठरवून नोंदीतून कमी करणे, झालेले नसते. मराठवाड्यातल्या जुन्या, विशेषतः निजामकालीन इमारतींच्या बाबतीत घोळ बहुधा इथेच होतो. खोली वापरता येत नाही, पण कागदावर ती आहे. म्हणून नवी मंजूर होत नाही. नवी मंजूर नाही म्हणून जुनी पाडायला कोणी धजावत नाही. म्हणून पहिले काम निर्लेखनाचे. समितीचा ठराव घ्या, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याकडून पाहणी अहवाल लेखी मागा, आणि प्रस्ताव पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत कोणत्या तारखेला गेला त्याचा जावक क्रमांक मिळवा. अहवाल देत नाहीत, हाही याचिकेतला मुद्दा होतो.

दुसरी अडचण जागेची. शाळेची जागा पूर्वी कोणी दिलेली असते, पण बक्षीसपत्र झालेले नसते. सातबारावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये शाळेची नोंद नसते. निधी मंजूर होऊनही काम अडते ते इथे, आणि मार्च उलटला की खापर गावावर फुटते. याचिकेपूर्वीच हे उतारे काढून ठेवावेत. नोंद नसेल तर तहसील कार्यालयात अर्ज करून त्याची पोच जोडावी.

खोल्यांखेरीज आराखड्यात काय मोजायचे? स्वच्छतागृह ‘आहे’ असे लिहून भागत नाही. पाणी आहे का, दार आहे का, मुलींचे वेगळे आहे का, ते लिहा. संरक्षक भिंत किती मीटर पडली. पाण्याची टाकी किती लिटरची आणि ती उन्हाळ्यात कोणत्या महिन्यापासून कोरडी राहते. शिवाय सहसा कोणी मोजत नाही ते शिकवण्याचे तास. अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायला हवे. छत गळते म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये शाळा किती वेळा लवकर सोडली, दोन वर्ग एका खोलीत किती दिवस बसवले, याची नोंद शाळेच्या दफ्तरात त्या त्या दिवशी करून घ्या. वर्षाअखेरीस ती बेरीज न्यायालयासमोर ठेवली की ‘गैरसोय’ हा शब्द मागे पडतो आणि हक्क किती तास बुडाला ते दिसते.

आराखड्याला किंमत घाला. कनिष्ठ किंवा शाखा अभियंत्याकडून चालू राज्य दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक मागा. नकार मिळाला तर मागणीची पोच जोडा. आराखडा ३ वर्षांचा, त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग, वर्गवार अपेक्षित पट, शिक्षकांची गरज, भौतिक सुविधा आणि वर्षनिहाय जादा रक्कम एवढे हवे. अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या हव्यात. इतिवृत्ताच्या वहीत ठराव क्रमांक हवा. समितीत ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला हे प्रमाण नसेल तर आधी ते नीट करावे, कारण विरोधी बाजूचे वकील तिथूनच सुरुवात करतात.

मग लेखी मागणी आणि लेखी नकार. परमादेश, म्हणजे शासनाला कर्तव्य पार पाडायला सांगणारा न्यायालयाचा आदेश, मागायचा तर ‘मागितले होते, दिले नाही’ हे दाखवावे लागते. त्यासाठी सर्वांत सरळ वाट कलम ३२ ची. स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे किंवा नगरपालिकेकडे, लेखी तक्रार द्यायची. तिच्यावर ३ महिन्यांत निर्णय देणे बंधनकारक आहे. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तक्रारीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नये. याच ३ महिन्यांत माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून अर्ज वेगवेगळे करावेत. एक अर्ज शाळेच्या प्रस्तावाच्या प्रवासाबद्दल. दुसरा जिल्ह्याला वर्गखोल्यांसाठी गेल्या ३ वर्षांत आलेला, खर्च झालेला आणि अखर्चित राहिलेला निधी यांबद्दल. दुसऱ्या अर्जाचे उत्तर फार मोलाचे असते. ‘निधी नाही’ असे शपथपत्र देणाऱ्या कार्यालयाच्याच नोंदीत निधी अखर्चित किंवा समर्पित (न वापरता परत केलेला) दिसला, तर त्या दिवशीच्या सुनावणीचा रंग बदलतो.

याचिकाकर्ता कोण असावा? एका-दोन शाळांचा प्रश्न असेल तर त्या शाळेतल्या मुलांच्या पालकांनी अनुच्छेद २२६ खाली साधी रिट याचिका करावी. शिक्षकांना पुढे करू नये. सेवानियमांचा जाच त्यांच्यामागे लागतो. तालुकाभराच्या शाळांचा प्रश्न असेल तर जनहित याचिका. तिला मुंबई उच्च न्यायालयाचे २०१० चे नियम लागू होतात. याचिकाकर्त्याला स्वतःबद्दलची माहिती शपथेवर द्यावी लागते आणि न्यायालय अनामत भरायला सांगू शकते. वकिलाच्या फीची चिंता असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, बालके, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते. औरंगाबाद खंडपीठात त्यासाठी उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीचे कार्यालय आहे. याचिका आईच्या नावाने केली की हा मार्ग आपोआप खुला होतो.

प्रतिवादी कोण, यात मोठी चूक होते. शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्यावर याचिका करून लोक थांबतात. पण खोलीला पैसे देण्याचा अधिकार त्यांच्या हाती नसतो, आणि ते तसे सांगून मोकळे होतात. शालेय शिक्षण विभागाबरोबर ग्रामविकास विभाग हवा आणि वित्त विभाग हवाच हवा. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेचा पैसा असेल तर महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेचे राज्य प्रकल्प संचालक, जिल्हा वार्षिक योजनेचा असेल तर जिल्हाधिकारी, आणि केंद्राचा हिस्सा असल्याने केंद्र सरकार. जिल्हा परिषदेचा वकील सरकारी वकिलांपेक्षा वेगळा असतो, हे लक्षात ठेवून नोटिशीची बजावणी दोन्हीकडे करावी. नाहीतर पहिल्या दोन तारखा ‘जिल्हा परिषदेतर्फे कोणी हजर नाही’ यातच जातात.

मागणी कशी लिहावी? ‘सर्व शाळांना पुरेशा सुविधा द्याव्यात’ ही मागणी मंजूर झाली तरी अमलात आणता येत नाही, कारण ती मोजता येत नाही. त्याऐवजी: धोकादायक खोलीत मुले बसवू नयेत आणि १५ दिवसांत पर्यायी जागा, गरज पडल्यास भाड्याने, द्यावी, ४ आठवड्यांत अभियंत्याने संयुक्त पाहणी करून तूट शपथेवर मांडावी, अमुक आठवड्यांत प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता द्यावी, येत्या पूरक मागण्यांत (वर्षाच्या मध्ये विधिमंडळाकडे मागितलेल्या जादा रकमेत) किंवा पुनर्विनियोजनातून (एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळवून) तरतूद करून ती झाल्याचे वित्त विभागाने शपथपत्र द्यावे, कार्यारंभ आदेशाची तारीख कळवावी. प्रत्येक पायरीला एक अधिकारी आणि एक तारीख. दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केप प्रांतातल्या शाळांच्या बाकांसाठी २०१४ मध्ये न्यायालयाचा आदेश मिळाला, तो अशाच मोजणीवर. कोणत्या शाळेत किती बाक-खुर्च्या कमी आहेत, हा वादाचा गाभा होता. उलट इंडोनेशियाच्या घटनेत शिक्षणाला २० टक्के तरतुदीचा स्पष्ट नियम असून आणि घटनात्मक न्यायालयाने तो पुन्हा पुन्हा बजावूनही काय झाले ते पाहावे. २००८ मध्ये शिक्षकांचे पगार त्या २० टक्क्यांत मोजायला मुभा मिळाली आणि पुढच्या वर्षी आकडा गाठला गेला. टक्केवारी हिशोबाने पुरी करता येते. वर्गखोली बांधावीच लागते.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे ‘याचिकाकर्त्याच्या निवेदनावर ६ आठवड्यांत निर्णय घ्यावा’ असा आदेश होऊन याचिका निकाली निघणे. वरवर तो विजय वाटतो. ६ आठवड्यांनी निधीअभावी निवेदन अमान्य झाल्याचे पत्र येते आणि नवी याचिका करावी लागते. तोवर पहिलीतले मूल तिसरीत गेलेले असते. म्हणून कलम ३२ खालचा निर्णय, किंवा ३ महिने उलटूनही निर्णय नाही याचा पुरावा, याचिकेच्या पहिल्याच पानांत ठेवावा आणि निवेदनाची पायरी संपली आहे असे पहिल्या सुनावणीलाच सांगावे. याचिका प्रलंबित ठेवून दर ६ ते ८ आठवड्यांनी अनुपालन अहवाल मागवावा, अशी विनंती करावी. पाहणीबाबत वाद असेल तर न्यायालयाने पाहणीसाठी स्वतःचा आयुक्त नेमावा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडून अहवाल मागवावा, असेही मागता येते. एका त्रयस्थ अहवालाने दहा शपथपत्रांचे काम होते.

वेळापत्रक सांभाळले नाही तर बाकी सगळे वाया जाते. विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज पावसाळा सरता सरता तयार करू लागतात, पूरक मागण्या पावसाळी अधिवेशनात आणि डिसेंबरात नागपूरला मांडल्या जातात, अर्थसंकल्प मार्चमध्ये. उच्च न्यायालयाला मे महिन्यात आणि दिवाळीत सुट्या. याचा अर्थ तक्रार मार्च-एप्रिलमध्ये द्यावी आणि याचिका जुलैअखेर दाखल व्हावी. मग पहिला ठोस आदेश हिवाळी अधिवेशनापूर्वी पदरात पडू शकतो. जानेवारीत आदेश झाला तर ‘या वर्षी तरतूद नाही, पुढच्या वर्षी पाहू’ हे उत्तर ठरलेले असते. तरतूद झाली म्हणजे पैसा आला असेही नाही. बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर, रक्कम वितरित झाली का, कोषागारातून देयक निघाले का, हे विचारत राहावे लागते. तरतुदीची माहिती देणारे शपथपत्र आणि वितरणाची माहिती देणारे शपथपत्र ही दोन वेगळी मागावीत. मुदत टळली तर अवमान याचिका १ वर्षाच्या आत करावी लागते. आश्वासनांवर थांबून ही मुदत घालवलेली प्रकरणे थोडी नाहीत.

२५ टक्के प्रवेशांबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना या प्रवेशांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. त्यामागचे दुखणे प्रतिपूर्तीचे, म्हणजे या मुलांच्या फीपोटी शासनाने शाळेला द्यायच्या पैशांचे. कलम १२ प्रमाणे शासनाचा दरडोई खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी यातली कमी रक्कम शाळेला द्यायची असते. ती वर्षानुवर्षे थकते आणि त्याचा राग गणवेश-पुस्तके नाकारून मुलावर निघतो. शाळाचालकांनी थकबाकीसाठी न्यायालयात जरूर जावे, पण सोबत वर्षनिहाय प्रवेश यादी, हजेरी, मान्यता प्रमाणपत्राची मुदत आणि पडताळणी अहवाल जोडावा. यातले एक जरी नसले तरी प्रकरण पुन्हा पडताळणीला जाते. केंद्राचा हिस्सा आला नाही, या सबबीवर मद्रास उच्च न्यायालयाचा जून २०२५ चा आदेश उपयोगी आहे: शाळांची प्रतिपूर्ती हे राज्याचे कर्तव्य आहे आणि केंद्राचे पैसे आले नाहीत म्हणून ते थांबत नाही. केंद्राने या कायद्यापोटीचा हिस्सा इतर अटींशी जोडू नये, असेही तिथे म्हटले गेले. तामिळनाडूने त्याआधीच मे २०२५ मध्ये समग्र शिक्षेच्या दोन हजार कोटींहून अधिक रकमेसाठी अनुच्छेद १३१ (केंद्र-राज्य वादांचे कलम) खाली केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा केला. महाराष्ट्राला पैसे मिळत नसतील तर हाच मार्ग महाराष्ट्रालाही खुला आहे, हे आपल्या आमदारांनी सभागृहात विचारावे.

बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या ऊसतोड तांड्यांचा प्रश्न मात्र घाईत उरकता येणार नाही. हंगामी वसतिगृहे हा त्यावरचा चांगला उपाय आहे: आई-वडील कारखान्यावर गेले तरी मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे गावातच राहते आणि समिती त्याच्या जेवणाची सोय करते. पण टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि मंजुरी डिसेंबरात येते. तोवर मूल फडावर पोहोचलेले असते. किराणा उधारीवर चालतो, देयक हंगाम संपल्यावर निघते आणि पुढच्या वर्षी समिती हात आखडता घेते. इथे मागायची गोष्ट निधीपेक्षा निधीची तारीख आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी ऑगस्टमध्ये घरोघर फिरून करावी, त्यात मुलाचे नाव, इयत्ता आणि गावात मागे राहणारा पालक कोण हे लिहावे, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरावासह प्रस्ताव द्यावा. आणि न्यायालयाकडे ३० सप्टेंबरपूर्वी मंजुरी व पहिला हप्ता आगाऊ मागावा. गाळप हंगाम दरवर्षी येतो; तो अनपेक्षित होता असे कोणालाही शपथेवर म्हणता येणार नाही.

शेवटी आपल्याकडे एक मागणे. २०२३ मध्ये गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुले जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जातात, या बातमीवरून औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. बातमीची याचिका होऊ शकते, ती अशी. म्हणून गळक्या शाळेचे छायाचित्र छापताना त्याखाली शाळेचा यू-डायस क्रमांक, आजचा पट, कार्यरत शिक्षक, वापरात असलेल्या खोल्या आणि निर्लेखनाचा प्रस्ताव कोणत्या तारखेपासून कोणत्या कार्यालयात आहे, एवढे पाच तपशील वार्ताहरांनी द्यावेत. ही माहिती मुख्याध्यापकांकडे आणि पंचायत समितीच्या आवक-जावक नोंदवहीत असते.

आपले,
शिक्षण हक्काच्या प्रकरणांत काम करणारे काही वकील व पालक कार्यकर्ते
छत्रपती संभाजीनगर